तात्यांच्या वाटणीची भाकरी

खंड्याला अंगणातनं ओट्यावर चढता येईना, तेव्हा मुक्ताबाईनं शेजारच्या रविराजला टेम्पो काढायला लावला आणि खंड्याला घेऊन थेट बारामती गाठली. वडगावातल्या चौघांनी नावं ठेवली, कुत्र्याला कुणी डॉक्टरकडं नेतं का म्हणून. ठेवू देत. त्यांच्या घरात माणसं होती.

डॉक्टरीणबाईंनी खंड्याचे मागचे सांधे दाबून बघितले, वजन केलं. "आजी, सांधे झिजलेत, त्यात हे वजन! खायला काय देता?"

"देणार काय? दूध-भाकरी. वर गूळ, सायीचा गोळा."

"किती?"

"एका माणसाचं."

ते माणूस कोण, हे काही मुक्ताबाईनं सांगितलं नाही. नवरा, तात्या, जाऊन दोन वर्षं झाली होती. पण जन्मभर दोघांचं पीठ मळलेला हात, तो काय ऐकतोय! पहिली भाकरी तात्यांचीच व्हायची, त्यांच्याच थाळीत चुरली जायची, आणि थाळी जायची खंड्यापुढं. तो ओट्याखाली, ही घरात. त्याच्या खाण्याचा आवाज आला, की मग हिच्या घशाखाली घास उतरायचा.

"गूळ, साय बंद. भाकरी चतकोर, उकडलेलं अंडं, लाल भोपळा. नाहीतर पाय कायमचे जातील," बाईंनी बजावलं.

त्या संध्याकाळी खंड्यानं बघता बघता चतकोर भाकरीची थाळी चाटूनपुसून साफ केली आणि दाराकडं बघत बसला. घर कसं चिडीचूप झालं. मुक्ताबाई गुळाच्या डब्याकडं उठली, आणि परत बसली. "व्हय गं भवाने, तुला सोबत पायजे म्हणून त्याला लंगडा करतीस?" स्वतःलाच तिनं झापलं. पण जेवण काही गेलं नाही. रोज तेच. खंड्या वजनानं उतरत गेला, आणि तीही.

कारखाना सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं धावू लागल्या. एका संध्याकाळी ताट पुढ्यात घेऊन ती बसली असताना दाराशी नखं खरडली. बघते तर खंड्या! ओटा चढून, उंबरा ओलांडून आत आला आणि तात्यांच्या जागी बसला.

तिनं ताट पदराआड केलं. "न्हाय रं बाबा, काय देणार न्हाय."

खंड्यानं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या मांडीवर हनुवटी टेकून पडून राहिला.

"मला एकटीला जेवाय जात न्हाय रं," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणापुढं काढलं नव्हतं. मग डोळे पुसत पुसत तिनं अख्खी भाकरी खाल्ली.