वाचनालयातलं फुकटचं इंटरनेट

सरकारी पैशातून वाचनालयात फुकटचं इंटरनेट आलं आणि म्हातारा शिंपी ग्रंथपालबाईंच्या मानगुटीवरच बसला. "परदेशातल्या माझ्या पोराला शोधून द्या. बिचाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही हो!" रोज हेच तुणतुणं. शेवटी बाई वैतागल्या आणि त्यांनी पोराचं नाव टाइप केलं.

पडद्यावर टोलेजंग नव्या घराचा फोटो आला. खाली पोरानं लिहिलं होतं, "आज बाबा हयात असते तर!"

शिंप्यानं बोट ठेवून ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाला, "बाई, याच्याखाली मला काही लिहिता येईल?"

"त्याला खातं लागतं," बाई म्हणाल्या, "आणि मेलेल्यांचं खातं उघडत नाही. उठा आता, मागे रांग आहे."