काडीवाल्याची कॅसेट

“नाना, हा बघा. हासुद्धा मुकाच.”

रूपालीनं मोबाइल वडिलांच्या पुढ्यात धरला. तिच्याच मुलीच्या बारशाचा व्हिडिओ होता. पाळण्याभोवती बायकांची दाटी आणि शेजारच्या कमळाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. छायाबाई पाळण्यावर वाकून बाळाशी काहीतरी बोलत होत्या, पण त्या गलबल्यात ते ऐकू येत नव्हतं. मोबाइल जवळ आला, तशी त्यांची नजर त्याच्यावर गेली. लगेच तोंड मिटलं, ओठांवर बोट गेलं आणि त्या बाजूला सरकल्या.

“भाऊबीजेचा तसाच. आमच्या दिंडोरीच्या बागेतला तसाच. मोबाइल दिसला की आई गप्प. लाजायची म्हणावं, तर आई आणि लाजरी?”

ते खरंच होतं. पंचवटीत फुलं विकायला बसल्या की छायाबाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. गिऱ्हाइकानं एका हाराचा भाव पाडून मागितला, तर बाजूचे दोन दुकानदारही माना खाली घालायचे. अशी बाई गेल्या पौषात साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. आता वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं, म्हणून रूपाली मखमलाबादला माहेरी आली होती.

“नाना, मला तिचा आवाज आठवेनासा झालाय,” ती म्हणाली. “शब्द आठवतात. काय बोलायची ते सगळं आठवतं. पण आवाज कानात येतच नाही. एक वाक्य मिळालं तरी पुरे हो. आणखी काही नको मला.”

कोंडाजी मोबाइलमधल्या त्या मिटल्या तोंडाकडं बघत राहिले. बायको मोबाइलसमोर गप्प का व्हायची, हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोंडाजी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. झेंडू-शेवंतीच्या मळ्यातला हा पोरगा लोखंडात कसा रमला, याचंच त्यांच्या भावकीला नवल होतं. त्यात भर म्हणून हे वेड. तिथल्या एका रशियन इंजिनिअरनं मायदेशी परतताना त्यांना काही रेकॉर्डी दिल्या होत्या. कव्हरवर पांढऱ्या केसांचा एक म्हातारा हातात बारीक काडी घेऊन उभा, समोर शंभरेक वादक. कोंडाजींनी घरी आणून रेकॉर्ड लावली, ती संपली तरी ते जागचे हलले नाहीत. त्या म्हाताऱ्याचं नाव जगभर गाजलेलं होतं, पण या घरात ते एकट्या कोंडाजींनाच म्हणता यायचं. छायाबाईंनी त्याचा ‘काडीवाला’ केला आणि पुढं कोंडाजीसुद्धा तेच म्हणू लागले.

मग काडीवाल्याची एकेक तबकडी त्यांनी जमवली. जुना बाजार, चोरबाजार, पुढं इंटरनेट. एकच सिंफनी त्यानं तरुणपणी कशी वाजवून घेतली, महायुद्धात कशी, म्हातारपणी कशी, हे ते तासन्‌तास ऐकत. टाळ्यांच्या आधी कोणत्या मैफलीत कोण कुठं खोकतो, हेही त्यांना पाठ होतं. खोकल्यावरून ते साल सांगत.

जे रेकॉर्डवर मिळत नसे ते रेडिओवर पकडायचं. मॉस्कोहून कार्यक्रम लागला की कोंडाजी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवत आणि त्याचा लाल दिवा लावत. दिवा लागला की घरानं मुकं व्हायचं. कुकर गॅसवरून उतरवायचा, कडी लावून घ्यायची, बोलायचं तर खुणेनं. छायाबाई कोपऱ्यात फुलं ओवत बसायच्या, कारण त्या कामाचा आवाज होत नाही. सुरुवातीला त्या चिडायच्या. मग हसायला लागल्या. मग सवय झाली. आणि सवय एवढी अंगात मुरली, की म्हातारपणी समोर कुठलंही यंत्र आलं तरी ती बाई आपोआप तोंड मिटून घ्यायची. मोबाइलवाल्यांना वाटायचं, आजी लाजते.

“एका कॅसेटीत हाय,” कोंडाजी एकदम म्हणाले.

“काय?”

“तुझ्या आईचा आवाज. तू पाळण्यात होतीस. काडीवाल्याची शेवटची मैफल लागली व्हती रेडिओवर. ती कधी रेकॉर्डवर आलीच नाय. मी टेप करत व्हतो आन्‌ तू उठलीस. ती तुला म्हनली, ‘उठली का गं माझी रूपा? ये, ये माझ्याकडं.’ लय मोठ्यानं. पार टेपात गेलं.”

रूपालीचे डोळे भरून आले. “कुठंय ती कॅसेट?”

“किशोरकडं दिली व्हती.” एवढं बोलून ते उठले आणि चपला शोधू लागले. पुढचं सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. किशोरनं काहीतरी मागं ठेवलं असेल, अशी एक वेडी आशा होती.

किशोरचं गंगापूर रोडला छोटं दुकान होतं. लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी तो पेनड्राइव्हवर करून द्यायचा. त्यानं दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, पण रूपालीनं काय हवंय ते सांगितल्यावर तो कोंडाजींकडंच बघत राहिला.

“नाना, तुम्ही ताईंना सांगितलं नाहीत?”

“काय सांगितलं नाही?” रूपालीनं विचारलं.

“तो आवाज काढूनच तर पाहिजे होता त्यांना,” किशोर चाचरत म्हणाला. “परदेशातल्या त्या रेकॉर्ड जमवणाऱ्या लोकांना ती मैफल पाठवायची होती. जगात दुसरी कॉपी नाही म्हणाले. मी विचारलं, काकूंचा आवाज किती गोड आलाय, राहू द्या की. तर म्हणाले, घरचं खरकटं पाहुण्याला कसं वाढायचं? खोकल्याचंही विचारलं मी. तर तो ठेव म्हणाले. तो तिथल्या हॉलमधला आहे, अस्सल आहे.”

कोंडाजी स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत बसले होते.

“मूळ कॅसेट?” रूपालीनं विचारलं.

“तिला बुरशी आली होती. नानांनीच टाकून दे म्हणून सांगितलं. साफ न केलेली फाइलसुद्धा पुसायला लावली माझ्यासमोर बसून. उद्या चुकून कुणाकडं तीच जायची म्हणाले. मी तरी काय करणार, ताई? काकू तेव्हा होत्या. घरी फोन केला की त्याच उचलायच्या.”

रूपालीनं खुर्ची त्याच्या टेबलाजवळ ओढली. मग म्हणाली, “साफ केलेली लावा.”

“त्यात काही नाहीये, ताई. काकू बोलल्या त्या जागी मी व्हायोलिनचा दुसरा तुकडा चिकटवलाय. कळणारसुद्धा नाही.”

“लावा तुम्ही.”

किशोरनं ती जागा शोधून फाइल सुरू केली. व्हायोलिनं हळू आवाजात वाजत होती. कुठंही सांधा दिसत नव्हता, काम खरोखर सफाईचं झालं होतं. त्या हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. व्हायोलिनं पुढं गेली. आणि मग अगदी जवळून, कानाशी यावा तसा, चिडलेला आवाज आला, “श्श!”

“हे कोण?” रूपालीनं विचारलं.

किशोरनं मान खाली घातली. “तेवढं निघालं नाही. तिथून लगेच तुतारीसारखी ती वाद्यं सुरू होतात, चिकटवायला तसा दुसरा तुकडाच नव्हता. आणि ऐकणाऱ्याला टेपची खरखर वाटते.”

“मी हाय तो,” कोंडाजी म्हणाले.

परदेशातून त्या मैफलीबद्दल आलेली शाबासकी त्यांनी छायाबाईंना वाचून दाखवली होती. त्या हार ओवता ओवता म्हणाल्या होत्या, “झालं ना तुमच्या मनासारखं? बरं झालं.” त्यांच्या बोलण्यात तेव्हा जराही कडवटपणा नव्हता. आता तो असता तर कोंडाजींना बरं वाटलं असतं.

रूपालीनं ती फाइल मोबाइलवर मागून घेतली.

“कशाला गं पोरी?” कोंडाजींनी न राहवून विचारलं.

“तुम्ही ‘श्श’ केलंत, म्हणजे त्याच्या आधी ती बोलत होती. कुठं बोलत होती, एवढं तरी कळतं यातून.”

परत येताना गाडी रूपाली चालवत होती. मखमलाबाद नाक्याच्या अलीकडं तिनं ती कडेला थांबवली, मोबाइल समोर ठेवला आणि फाइल लावली. व्हायोलिनं सुरू झाली. रस्त्यावरून भाजीचे टेम्पो जात होते, म्हणून तिनं काचा वर केल्या. तो खोकला येऊन गेला.

कोंडाजींना रडू आवरेना. “रूपे,” ते म्हणाले, “मला काय ठावं, की...”

रूपालीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. मोबाइलवरची नजर न काढता तिनं ओठांवर बोट ठेवलं. अगदी छायाबाई ठेवायच्या तसंच.

ती जागा जवळ आली होती. कोंडाजी गप्प बसले.