गप्प बसायला सोबत

"घसा ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई जिभेवरची लाकडी पट्टी काढत म्हणाल्या.

"मग आवाज?" असं त्रेंदाफिलनं विचारलं. म्हणजे ओठ हलवले. बाहेर आली ती नुसती हवा.

"शेवटचं कुणाशी बोललात?"

त्यानं आठवून पाहिलं. "रेडिओवर हवामान सांगतो त्याच्याशी," तो कुजबुजला. "तो चुकला होता."

"काका, अकॉर्डियन वाजवलं नाही की भाता कडक होतो. कुणाशी तरी बोलत जा. यावर गोळी नाही."

हे म्हणजे बुडणाऱ्याला पोहत जा म्हणून सांगणं झालं. त्रेंदाफिलनं उभा जन्म कामेन दोलच्या स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा देण्यात काढला होता. गाडीच्या आधी त्याचा आवाज यायचा आणि पुष्कळदा नुसता आवाजच यायचा. आता गाड्या तिथं थांबत नव्हत्या. बायको वेसा चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा स्पेनमध्ये फरश्या बसवायचा. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि त्यावर बापानं नुसतं "हं" म्हटलं तरी भागायचं. अलीकडं तेही उमटेना, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, रेंज गेली वाटतं," आणि त्यानं फोन ठेवला. त्या रविवारी त्रेंदाफिल पहिल्यांदा घाबरला.

मिंचोच्या दुकानात, म्हणजे गावाच्या एकुलत्या एका दारूच्या, साबणाच्या आणि शहाणपणाच्या दुकानात, त्याच्यावर उपचार सुरू झाले. एकानं रानाच्या कडेची पिवळी इग्लिका सांगितली. फुलं सावलीत वाळवायची आणि उकळून प्यायची, कफ सुटतो. दुसऱ्यानं बीचच्या झाडांखालचं निळं मेदुनित्सा सांगितलं. त्याच्या पानावर फुफ्फुसासारखे ठिपके असतात, त्यामुळं छातीला ते चालणारच. रानात उमलणारं एकेक फूल कुणाच्या ना कुणाच्या आजीच्या शिफारशीनं पुढं आलं. त्रेंदाफिल सगळं प्याला. आवाज काही आला नाही, पण लघवीला उठण्यात शिस्त आली.

"आता एकच फूल राहिलं," मिंचो म्हणाला. "रोसेन."

रोसेन प्यायचा नसतो, त्याच्याखाली झोपायचं असतं. स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी रानात जायचं, रोसेन फुललेला असतो तिथं अंथरूण घालायचं आणि उशाशी पाण्याचा वाडगा ठेवायचा. रात्री पऱ्या त्याची फुलं खुडायला येतात.

"सकाळी वाडग्यात हिरवं पान पडलेलं असलं तर सुटलास," मिंचो म्हणाला. "वाळकं असलं तर काळे कपडे घालून आम्ही येतोच. आणि घरातून निघाल्यापासून परत घरात पाय ठेवेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"ते जमेल," त्रेंदाफिल कुजबुजला.

"तुला रे जमेल. पण एकट्यानं जायचं नसतं. शेजारी एक धडधाकट माणूस लागतं, तेही मुकं. एकदा ते तुझ्याबरोबर राहिलं की जन्माचं भावंड होतं."

सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले.

"मीच आलो असतो," मिंचो म्हणाला, "पण मला गप्प बसवत नाही. माझ्या लग्नात मी पाद्र्यालासुद्धा म्हणालो होतो, आटपा जरा." दुसरा एक जण तयार झाला, पण तो घोरायचा. घोरणं बोलण्यात धरायचं की नाही यावर वाद पेटला, आणि शेवटी तो माणूसच चिडून घरी गेला.

"तोंड बंद ठेवण्यात या गावात एकच बाई पक्की आहे," मिंचो म्हणाला. "तुझी शेजारीण. तुझ्यासमोर तर तिची रोजची तालीम चालते."

स्ताम्का. राकिया दारूच्या भट्टीचं तांब्याचं झाकण तिनं वेसाला उसनं दिलं होतं की कायमचं, यावरून दोघींचं वाजलं होतं आणि बोलणं तुटलं होतं. बायको बोलेना म्हणून नवराही बोलेना. मग वेसा गेली, आणि घर, कोंबड्या आणि भांडण असं तिन्ही त्रेंदाफिलच्या गळ्यात पडलं. घराला डागडुजी लागायची, कोंबड्यांना दाणा लागायचा. भांडणाला काहीच लागत नव्हतं. वेसाचे कपडे त्यानं देऊन टाकले होते. तिच्या वस्तूंपैकी रोजच्या वापरात राहिलेलं असं ते भांडण तेवढंच होतं.

मिंचो तिच्याकडं निरोप घेऊन गेला आणि लगेच परतला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बोलावं लागणार नाही ना? मी म्हटलं, अजिबात नाही. मग येते म्हणाली."

सणाच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी ती फाटकापाशी उभी होती. पाठीवर घोंगडी, हातात गाठोडं. तिनं त्याच्या बुटांकडं पाहून मान हलवली आणि पुढं चालू लागली. ओकच्या रानापलीकडं, उतारावर, रोसेनचे फिकट गुलाबी तुरे दाटीनं उभे होते. लिंबाची साल सोलल्यासारखा वास येत होता. तिनं पांढरं कापड अंथरलं, वाडगा ठेवला, पाणी ओतलं. मग गाठोड्यातून पाव, चीज आणि उकडलेली अंडी काढली, आणि त्याचं अंडं तिनंच सोलून दिलं. मीठ लावायलाही विसरली नाही.

दुसऱ्या माणसाचा श्वास शेजारून ऐकू येण्याची त्याची सवय मोडली होती. तो ऐकत पडला. ऐकता ऐकता झोप लागली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

उजाडताना त्याचे डोळे किलकिले झाले. स्ताम्का त्याच्या वाडग्यावर ओणवली होती. तिनं बोटांच्या चिमटीत पाण्यातलं एक वाळकं, तपकिरी पान उचललं, निथळवलं आणि एप्रनच्या खिशात घातलं. मग रोसेनचं एक हिरवं पान तोडून हळूच पाण्यात सोडलं. ते कडेला जाऊन चिकटलं. तिला ते पटलं नसावं. बोटानं ढकलून तिनं ते मधोमध आणलं. मग ती आपल्या घोंगडीवर जाऊन बसली आणि जोरात खोकली.

त्रेंदाफिल दचकून जागा झाला. दचकणं त्याला बरं जमलं. तिनं वाडग्याकडं बोट दाखवून, जणू आत्ताच दिसतंय अशा भुवया उंचावल्या. त्यानंही उंचावल्या.

गावापर्यंत दोघं ओल्या गवतातून चालत आले. दोन फाटकं शेजारी शेजारी, मधे कमरेच्या जरा वर येणारी दगडी भिंत. ती तिच्या दारात गेली, तो त्याच्या. उंबरठा ओलांडला, आणि न बोलण्याचा नेम सुटला.

तो पुन्हा अंगणात आला आणि खाकरला.

तो आवाज खणखणीत होता. पार फलाट ओलांडून जाईल असा. भिंतीपलीकडं तिची पावलं थांबली.

आता ती बहीण होती. "ताई" एवढं म्हटलं की काम झालं. तो शब्द जिभेवर आला, आणि त्याच्या मागोमाग वेसा येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. त्रेंदाफिलचं तोंड उघडं होतं.

बऱ्याच वेळानं तिकडून झाडूचा आवाज सुरू झाला. हे अंगण तिनं कालच झाडलं होतं. त्यानं ऐकलं होतं. झाडू भिंतीलगत त्याच त्या जागेवर फिरत होता.

त्यानं तोंड मिटलं. दाराआडचा आपला झाडू आणला आणि अलीकडून, भिंतीलगतच, झाडायला घेतलं.