सातव्या संध्याकाळची मोजणी

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाला आम्ही गुळगुळीतराव म्हणतो. आलेखावरची रेघ गुळगुळीत आली की स्वारी खूश. त्या रेघेखाली जीव किती मेले, याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही. दहा वर्षांत त्याने एक बरणी हातात धरलेली नाही.

माझं काम त्याचं गणित तपासायचं. बरणीत वीस पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले पिसवेएवढे जीव, सोडायच्या, ठरलेलं कीटकनाशक घालायचं आणि सात संध्याकाळी जिवंत किती ते मोजायचं. त्यावरून गणित सांगतं, पाण्यात किती विष चालेल. मग नव्या प्रयोगाच्या आकड्यांवर ते टिकतं का, ते मी बघायचं. मी मंजूर म्हटलं की औषध बाजारात आणि माझी नोकरी कायम. तसं पत्र त्याच्या टेबलावर सहीला पडलं होतं.

गणित तंतोतंत जुळलं. इतकं, की कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलंच.

मोजणीची वही काढली. गणित ज्यावरून मांडलं तो जुना प्रयोग आणि पडताळणीचा नवा, दोन्हींत सातव्या संध्याकाळचा आकडा सहाव्याचाच. मोजणी करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, बरण्या सोमवारी भरतात, म्हणून सातवी संध्याकाळ रविवारी येते, आणि रविवारी कुलूप. साहेबांचा हुकूम आहे, शनिवारचाच आकडा लिहा. मरायचं ते शनिवारपर्यंत मरतं म्हणे.

म्हणजे खोट्याची साक्ष खोट्यानेच दिली होती, आणि हे दीडशहाणे त्याला पडताळणी म्हणत होते.

तिसरा प्रयोग चालूच होता. रविवारी मावशींची किल्ली घेऊन गेले. शनिवारी चौदा जिवंत होत्या. गणित रविवारसाठीही चौदाच सांगत होतं. बरणी हलवली, पंधरा सेकंद थांबले. हलल्या चार.

सोमवारी वही त्याच्यापुढे ठेवली. आकड्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"रविवारी मोजायला तुला सांगितलं कोणी?"

"मरायला त्यांना सांगितलं कोणी, साहेब?"

मग तो गोड झाला. अगं, तू मला मुलीसारखी, एका संध्याकाळचं काय घेऊन बसलीस, तू इथे सही कर, मी तुझ्या पत्रावर करतो. मुलीशी असला सौदा करणारा बाप मी पहिल्यांदाच बघत होते.

मी सांगितलं, नामंजुरीचा शेरा सकाळीच कीटकनाशक मंडळाच्या आवक खिडकीत दिलाय, पोच माझ्याकडे आहे.

त्याने माझं पत्र उचललं. फाडायला मात्र शिपायाला बोलावलं.