फाटकापलीकडचा गुडघा

साहेब, माझ्या बाबांना तुम्ही वाऱ्यावर सोडलंत. सरळ तोंडावर सांगते.

सीमेपलीकडे जाणारी तुमची बस बाबा चालवायचे. पलीकडच्या थांब्यावर एका म्हातारीची ट्रंक टपावरून उतरवताना ते शिडीवरून पडले, गुडघा फुटला. तुम्ही म्हणालात, अपघात सीमेच्या फाटकापलीकडचा, विमा अलीकडचा. विमा नाही म्हटल्यावर इथल्या हॉस्पिटलानंही हात वर केले.

"जिथं मोडला तिथंच जोडून आणू," आई म्हणाली. पलीकडे ऑपरेशन स्वस्त. म्हणून तर बाबांची गाडी कायम पेशंटांनी भरलेली.

त्याच गाडीत बाबा पहिल्यांदा पॅसेंजर म्हणून बसले, पाय आडवा टाकून.

"गियर बदल रे, गाडी रडतेय."

"काका, आज तुम्ही पॅसेंजर आहात," नवा ड्रायव्हर हसला.

"म्हणूनच बोलतोय. पॅसेंजरला काय, नुसतं बोलायचंच असतं."

फाटकापाशी सगळ्यांनी उतरून चालत पलीकडे जायचं, गाडी रिकामी न्यायची, असा नियम. शिपायानं चाकाची खुर्ची आणली. "काका, बसा."

"इथून रोज मिजाशीत गाडी नेली. आता मला ढकलत नेतोस?"

"बाबा, हट्ट सोडा," मी म्हटलं.

"सोड गं त्यांना," आई म्हणाली. "गुडघा फुटलाय, ताठा शाबूत आहे."

कुबड्या टेकत, घामानं निथळत, बाबा चालत गेले.

ऑपरेशन झालं. परतीच्या दिवशी फाटक ओलांडायला बाबांना फार वेळ लागला. त्यांच्या मागून आलेले सगळे पुढे निघून गेले. मला वाटलं, गाडी गेली असणार. पाहिलं तर इंजिन बंद, आणि पेशंट खाली उतरून उन्हात उभे.

बाबा भडकले. "वेळ झाली ना? गाडी का थांबवलीस?"

"तुम्हीच लावलेली सवय. शेवटचा पेशंट सीटवर बसल्याशिवाय चावी फिरवायची नाही."

बाबांनी टोपी नीट केली आणि ते कुणाचा हात न धरता पायरी चढले.

गाडी तुमची, पाटी तुमची. पलीकडे जायचा हुकूमही तुमचाच. मग फाटक ओलांडल्यावर तिचा ड्रायव्हर कुणाचा, साहेब? कागद पाठवू नका. फाटकापाशी या, बाबांच्या समोर उभे राहा, आणि उत्तर द्या.