दारात अडलेली गोळी

तुरीच्या ओळीतून रानडुक्कर उसळलं आणि त्याने माणिकबाईला आडवं पाडलं. उत्तमराव शेजारच्याच ओळीत होते. हातात कुऱ्हाड होती, पण पाय उचलेचना.

"अहो, मारा त्याले!" ती किंचाळली.

डुकराने सुळा तिच्या मांडीत घातला आणि मान झटकली. मांडी लुगड्यासकट फाटत गेली. तिने विळा त्याच्या कानामागे हाणला, तो तिथेच अडकला. डुक्कर केकाटलं आणि पुन्हा तिच्या अंगावर गेलं. उत्तमरावांना सगळं स्वच्छ दिसत होतं. कंपवात असला तरी गोळी घेतल्यावर ते बरे चालायचे. आज गोळी घेऊनही कुऱ्हाड हातात नुसती थरथरत राहिली, तोंडातून आवाजही फुटला नाही.

शेवटी त्यांचा मुलगा शेखर शेताच्या धुऱ्यावरून धावत आला आणि त्याने डुकराच्या कण्यावर फावडं घातलं. जनावर मागचं अंग फरफटत नाल्यात उतरलं.

अकोल्याच्या दवाखान्यात माणिकबाईला टाके पडत होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन शेखरकडून सगळं ऐकलं आणि उत्तमरावांना विचारलं, "काका, गोळी कधी घेतली?"

"सकाळी, जेवतानीच. अंडे अन् घट्ट वरन. ताकत यावी म्हून आज हिनंच बसून चारलं."

"तिथंच घोळ झाला. ज्या रसायनानं हातपाय हलतात, ते मेंदूतच तयार होतं. त्याचा कच्चा माल या गोळीत असतो. पण रक्तातून मेंदूत शिरायचं त्याचं दार अंड्या-डाळीतल्या प्रथिनांचंही दार आहे. तिथं गर्दी झाली अन् तुमचा माल बाहेरच राहिला. गोळी जेवणाआधी, उपाशीपोटी घ्यायची."

शेखर उठला. "मायले सांगतो. थे तुमाले भेकड म्हनून राहिली."

उत्तमरावांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. "खबरदार! आपल्याच हातानं झालं म्हून जल्मभर जीव जाळीन थे."

संध्याकाळी ते खाटेजवळ गेले. माणिकबाईने डोळे उघडले.

"काहून नाई आले तुमी?"

"भेलो, माणिक."

तिने उशाजवळचा पाण्याचा पितळी गडवा उचलून फेकला. कपाळ फुटलं, रक्त भुवईवर उतरलं. उत्तमराव जागचे हलले नाहीत, आणि या वेळी पाय त्यांच्या हुकमात होते.

घरी आल्यावर महिनाभर ती त्यांच्याशी बोलली नाही. ते पहाटे उपाशीपोटी गोळी घेत आणि मग तिला अंगणात चालवत. ती त्यांच्या खांद्यावर पुरता भार टाकायची, पण तोंड फिरवून.