डाव्या बाजूचं काकड

रंगनाथने स्वयंपाकघराच्या फरशीवर पेपर पसरला, मांडी घातली आणि जुडीतलं पहिलं शेवळ उचलून त्याचं तपकिरी पातं सोलायला घेतलं. आतून गुळगुळीत, गुलाबीसर दांडा निघाला. तो त्याने नाकाशी नेला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. वास ओल्या मातीचा होता, बाकी कसलाच नव्हता. तरी त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की ओट्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, लंकाबाईने, मान फिरवून घेतली.

"पाहुणे यायचेत. तुमचे प्रयोग आजच कशाला?"

"प्रयोग नाय गं. पेठकडची रानभाजी ना ही. त्यांना आपल्या घरात त्यांच्याकडचं काही मिळालं, तर बरं वाटंल का नाय?"

"आन् नाय वाटलं तर?"

रंगनाथने दुसरं शेवळ उचललं.

खाण्याच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून असाच. ओझरच्या विमान कारखान्यात त्याची सगळी नोकरी झाली, पण विमानांपेक्षा तो डब्यांच्या गोष्टी जास्त रंगवून सांगायचा. शेजारच्या मशीनवरच्या बंगाल्याचे मोहरीतले मासे, केरळच्या माणसाची फणसाच्या आठळ्यांची भाजी, कोणा पंजाब्याच्या घरून आलेलं गाजराचं आंबट पाणी, काही म्हणून त्याने सोडलं नव्हतं. बदल्यात लंकाबाईच्या हातच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याचा ठेचा देशभर गेला होता, आणि याचा तिला मनातून अभिमानही होता. फक्त शेवळं तेवढी राहून गेली होती. नाशिकपासून हाकेच्या अंतरावर उगवणारी भाजी आपण आजवर चाखली नाही, ही खंत तो दरवर्षी जूनच्या तोंडावर बोलून दाखवायचा आणि विसरायचा.

यंदा मात्र निमित्तच तसं आलं. सायलीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, कंपनीतल्या दिनेशशी लग्न करायचं ठरवलं होतं. दिनेश पेठचा, नाशिकपलीकडच्या डोंगराळ आदिवासी तालुक्यातला. वडील सोमनाथराव आश्रमशाळेत मुख्याध्यापक, आई वत्सलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स. रंगनाथने मुलाला एकदा पाहिलं, त्याच्याबरोबर मिसळ खाल्ली, मुलाने दोनदा रस्सा मागून घेतला, आणि रंगनाथचा होकार तिथेच झाला. लंकाबाईचं तसं नव्हतं. मुलगा चांगला आहे हे ती मान्य करायची आणि लगेच म्हणायची, "पण आपल्यातला नाय ना." सायली त्यावर रडली नाही की भांडली नाही. ती नुसती कमी जेवायला लागली. रंगनाथला ते बघवत नव्हतं.

अडचण तिकडेही होतीच. दिनेशने सायलीला आणि सायलीने बापाला सांगितलं होतं, की वत्सलाबाईंचं मन होत नाही. शहरातली माणसं आपल्याला जंगलातलं समजतात, असं त्यांचं म्हणणं. मुलाने आयुष्यभर सासरी मान खाली घालून बसावं, हे त्यांना नको होतं. "एकदा त्यांच्या घरी जेवून बघते, मग सांगते," असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे आजच्या पंगतीवर सगळं होतं.

म्हणून रंगनाथ परवा स्कूटर काढून गिरणाऱ्याच्या बाजारात गेला होता. रस्त्याच्या कडेला पोत्यावर शेवळांच्या जुड्या मांडून एक म्हातारी बसली होती. प्रत्येक जुडीला वेलीने पाच-सहा हिरवी, गोटीएवढी फळं बांधलेली.

"कशी करायची, मावशी?"

"साल काढायची, बुडाचं पिवळं टाकून द्यायचं, बारीक चिरायची, धुवायची, तेलात परतायची. आन् आयका..."

"येतं, येतं," असं म्हणून रंगनाथने हेल्मेट चढवलं आणि स्कूटरला किक मारली. खाण्याच्या गोष्टीत आपल्याला कुणी जास्त शिकवू नये, असं त्याला वाटायचं.

घरी आल्यावर लंकाबाईने जुडीची ती फळं सोडवली. "हे काय? रायआवळे?"

"असतील. जुडीबरोबर देतात वरून."

लंकाबाईच्या घरात काही फुकट जात नसे. तिने फळं धुतली, चिरा दिल्या, मीठ-तिखट लावून बरणीत भरली.

आता तिने भाकऱ्या थापल्या, मटकीला फोडणी दिली, वरणभात केला, कुरडया तळल्या. टोपलीत पोत्याखाली केशर आंबे घमघमत होते, पण त्यांना ती शिवली नाही.

"रस नाय का करत?" रंगनाथने हळूच विचारलं.

"रस जावयाला करतात," ती म्हणाली. "जावई झाला की करीन."

दारात उभ्या असलेल्या सायलीने हे ऐकलं आणि ताटं पुसायला घेतली. पुसून झालेलं ताट ती पुन्हा पुसत राहिली.

भाजी झाली. दिसायला देखणी झाली होती. रंगनाथने चमच्यावर थोडी घेतली, तोच लंकाबाईने डोळे वटारले. नैवेद्याआधी चव घ्यायची या घरात सोय नव्हती. तिने देवापुढे पान ठेवलं, पाणी फिरवलं. देवाने तक्रार केली नाही. तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

दिनेश आई-वडिलांना घेऊन वर आला. सोमनाथराव मोकळे होते, आल्या आल्या त्यांनी हिरावाडीतल्या ट्रॅफिकवर बोलायला सुरुवात केली. वत्सलाबाई कमी बोलत होत्या. साधी सुती साडी, केस घट्ट बांधलेले, नजर सगळीकडे फिरून येणारी. लंकाबाईने त्यांना हळदीकुंकू लावलं, त्यांनी "वहिनी" म्हणून हात हातात घेतला आणि सोडून दिला. दोघीही जरा जास्तच नीट वागत होत्या.

पानं वाढली. लंकाबाई वाढायला उभी राहिली, बाकीचे बसले. शेवळांची कढई मात्र रंगनाथने स्वतः आणली आणि वत्सलाबाईंच्या ताटात डावभर भाजी वाढली.

"खास तुमच्यासाठी, ताई."

वत्सलाबाईंनी भाजीकडे पाहिलं. मग रंगनाथकडे पाहिलं. "आम्ही पेठला राहतो, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाजारातून बटाटे, फ्लॉवर आणतो. तुम्हाला काय वाटलं, आम्ही घरी हेच खात असू?"

सायलीचा हात घासावरच थांबला. दिनेशने "आई" म्हटलं, पण ते ऐकू येण्याइतकं नव्हतं. आपण चांगुलपणाच्या भरात नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं, हे रंगनाथला आता कळलं. सावरायच्या घाईत तो जे खरं तेच बोलून गेला.

"खरं सांगू का ताई? मलाच खायची होती. किती वर्षं नुसतं ऐकून होतो. म्हटलं, तुमच्या निमित्ताने माझी पण सोय होईल."

"पप्पा!" सायली म्हणाली.

सोमनाथराव खो खो हसले. वत्सलाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यातही काहीतरी हललं. "मग खा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी मोडली.

रंगनाथने मोठे मोठे घास घेतले. पहिल्या घासाला त्याला भाजी फार आवडली. त्यानंतर मात्र घशात कुणी बारीक काटे टोचतंय असं वाटायला लागलं. तो पाणी प्यायला. काटे वाढले. समोर दिनेश खाकरला. सायलीचे डोळे भरून आले, ते घशातल्या खाजेने. सोमनाथरावांनी घास गिळून जीभ टाळूवर फिरवली आणि बायकोकडे पाहिलं. लंकाबाईने उभ्या उभ्या कढईतली थोडी भाजी तोंडात टाकली. थोड्या वेळाने तिचाही हात गळ्याशी गेला.

तिचा चेहरा रंगनाथला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. तिला हे लग्न नको होतं, पण तिच्या घरात पाहुण्याच्या घशाला खाज सुटली होती. आजवर तिच्या हातचं जेवून कुणी नाक मुरडलं नव्हतं. डाव हातात धरून ती तशीच उभी राहिली, कान लालबुंद झालेले, आणि कुणाच्याच नजरेला नजर देईना.

वत्सलाबाई तिच्याकडेच पाहत होत्या. मग त्यांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. डाव्या बाजूला, मिठाशेजारी, तिखटाने माखलेली हिरवी फळं होती.

"वहिनी, हे काय वाढलंय?"

"आवळे," लंकाबाई पुटपुटली. "भाजीबरोबर आले होते. मी आपलं मीठ-तिखट लावून ठेवलं."

सोमनाथरावांनी तोंड उघडलं. "अहो, ती काकडं तर भाजीत..."

वत्सलाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. ते पाणी प्यायला लागले. मग वत्सलाबाईंनी डावीकडचं एक फळ उचललं, दातांनी तोडलं, चावलं आणि वर शेवळाचा घास घेतला. आणखी एक चावा, आणखी एक घास. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"वहिनी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"काय?"

"हे आवळे नाहीत. ही काकडं. आमच्याकडे असंच खातात. एक घास भाजी, एक चावा काकड. नुसती भाजी खाल्ली तर घसा धरणारच." मग त्या रंगनाथकडे वळल्या. "तुम्ही नुसतीच खाताय, भाऊ. वहिनींनी वाढलंय ते बघा तरी."

रंगनाथने घाईघाईने काकड तोंडात टाकलं. आंबट, तुरट, वरून लंकाबाईचं तिखट. घशातले काटे हळूहळू बोथट झाले. त्याने पुन्हा भाजी घेतली. आता ती खरोखर छान लागत होती.

"आई, पण आपण तर..." दिनेश म्हणाला.

"खा," वत्सलाबाई म्हणाल्या.

दिनेश खायला लागला. सोमनाथराव ताटात बघून हसत होते, कशाला ते रंगनाथला कळलं नाही. आणि खरं तर तो विचार करायच्या मनःस्थितीतच नव्हता, कारण लंकाबाईचा चेहरा उजळला होता.

"मला आपलं सुचलं," ती म्हणाली. "म्हटलं, भाजीबरोबर बांधून दिलंय, तर काहीतरी असंल."

"सुगरणीलाच सुचतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "बसा ना तुम्ही पण. माझ्याशेजारी बसा."

लंकाबाई बसली नाही. डाव खाली ठेवून ती आत गेली. आतून पातेलं आदळल्याचा आवाज आला आणि पिकल्या आंब्याचा वास बाहेरपर्यंत आला.

"हात धुऊ नका कुणी," ती आतून ओरडली. "पाच मिनिटं थांबा. रस काढतेय."

सायली ताट तसंच सोडून उठली आणि आत पळाली. तिला आईने आंबे पिळायला बसवलं, तेव्हा ती रडत होती की हसत होती, हे बाहेरून सांगता येत नव्हतं. रंगनाथने डोळे पुसले आणि काकडाला तिखट जरा जास्तच लागलंय, असं मोठ्याने म्हणाला.

लग्न हिवाळ्यात झालं. पुढच्या जूनमध्ये रंगनाथ आणि लंकाबाई पहिल्यांदा सवडीने पेठला मुक्कामी गेले. लेक-जावई आधीच येऊन थांबले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी सोमनाथरावांची आई, भागीबाई, पाय पसरून बसली होती. दात नव्हते, पण नजर शाबूत होती, आणि कोण काय खातंय याकडे तिचं लक्ष होतं.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि शेवळांची भाजी होती. रंगनाथ हरखला. पहिला घास घेऊन तो गेल्या वर्षीच्या आठवणीने थांबला आणि घशाची वाट बघू लागला. काहीच झालं नाही. दुसरा घास घेतला. भाजी मऊ होती, तिच्यात मुरलेला आंबटपणा होता, आणि घशाची काडीचीही तक्रार नव्हती. त्याने भाजी बोटांनी चाळून पाहिली. काकडाचा लगदा त्यातच शिजून विरघळला होता.

प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला, मिठाशेजारी, तिखटाने माखलेलं एक काकड वेगळं वाढलेलं होतं.

भागीबाईने ते पाहिलं. "आगं, भाजीत घातलंय ना काकड? मग हे आणिक कशाला वाढलं? असं कोन खातं?"

"राहू द्या, आई," वत्सलाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या. "नाशिकच्या वहिनींकडची पद्धत आहे."

रंगनाथचा घास हातातच राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. लंकाबाई आपल्या ताटाकडे बघत होती. तिने भाजी चाखली, जरा थांबली, पुन्हा चाखली. मग मान वर करून वत्सलाबाईंकडे पाहिलं. वत्सलाबाई भाकरीची टोपली सारखी करत होत्या.

लंकाबाईने काकड उचललं, एक चावा घेतला आणि वर शेवळाचा घास खाल्ला.

"हो आत्या," ती भागीबाईला म्हणाली. "आमच्याकडं असंच खातात."